ताप उतरला, सांधे का धरलेले?

2005च्या अखेरीस आणि 2006 साली चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बीदर, गुलबर्गा, लातूर, नांदेड भागात माणसे भिंत धरून चालत होती. 2006 मध्ये देशात जवळपास 13.9 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. निम्म्याहून अधिक कर्नाटकातले होते, त्याखालोखाल महाराष्ट्रातले. हा ताप या भागाला अगदी नवा नव्हता. 1973 मध्ये बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. ताप आठवड्यात उतरला, पण सकाळी तांब्या उचलताना मनगटातून कळ यायची ती महिनोन्‌महिने. पुढे या उरलेल्या दुखण्याभोवतीही गैरसमज वाढले.

चिकन खाल्ल्याने हा आजार होतो, ही अफवा तेव्हा फार पसरली होती. तिला काही आधार नाही. हा विषाणू एडिस डासामार्फत पसरतो. हा डास दिवसा चावतो आणि रांजण, हौद, कूलर, टाकून दिलेले टायर अशा साठवलेल्या पाण्यात वाढतो. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावात त्याचे फावते.

“विष अजून अंगात आहे, म्हणून सांधे दुखतात,” असेही म्हणतात. पण रक्तातला विषाणू साधारण आठवडाभरात नाहीसा होतो. मागे उरतो तो सांध्यांतला दाह. त्यात प्रतिकारशक्तीचा वाटा किती आणि विषाणूच्या अवशेषांचा किती, यावर संशोधन चालू आहे. रक्तातली प्रतिपिंडे पाहणारी आयजीजी चाचणी कित्येक वर्षांनंतरही पॉझिटिव्ह येऊ शकते. तिचा अर्थ एवढाच की आजार कधीतरी होऊन गेला. तो रिपोर्ट दाखवून कुणी ‘रक्त शुद्ध’ करायला सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

अमेरिकेतही असाच घोळ लाइम आजाराबाबत आहे. कनेक्टिकटमधल्या लाइम गावात 1975 च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत त्याचा जिवाणू सापडला. दोन ते चार आठवड्यांच्या अँटिबायोटिकने बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना मात्र थकवा आणि अंगदुखी पुढेही राहते. अशांना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन पाहिले. नीट घेतलेल्या चाचण्यांत टिकाऊ फायदा दिसला नाही, उलट शिरेतल्या नळीमुळे जंतुसंसर्गाचे प्रकार घडले. दुखणे खरे होते, उपाय चुकीचा होता. (आपल्या देवणी बैलांच्या अंगावरची गोचीड वेगळ्या जातीची. लाइम पसरवते ती इक्सोडिस. बैलाची गोचीड चावली म्हणून लाइमची धास्ती घेऊ नका.) चिकुनगुनिया तर विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. सलाइननेही सांधे मोकळे होत नाहीत.

“अमक्याच्या पुडीने आठ दिवसांत गुण आला.” गुण आला असेल, त्यात खोटे काही नाही. पण तो कशाने आला? बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुटतात. काही लोकांना मात्र वर्षानुवर्षे त्रास राहतो. दुखणे उतरणीला लागले असताना जे औषध चालू असेल, श्रेय त्याला जाते. मग एकाला काढा लागू पडतो, दुसऱ्याला गंडा, तिसऱ्याला उदगीरचे इंजेक्शन. क्लोरोक्विनबद्दलही अशीच आशा होती. रियुनियन बेटावर तुलना करून पाहिले, तेव्हा ते घेणाऱ्यांनीच सहा महिन्यांनंतर सांधेदुखीची तक्रार जास्त केली. तुलना केली नसती तर तेही रामबाण ठरले असते.

पुडीचे दुसरे गुपित अधिक वाईट आहे. एका रात्रीत उठून बसवणाऱ्या ‘देशी’ पुडीत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत. काही भस्मांत शिसे आणि पाराही सापडला आहे. स्टेरॉइडने चेहरा गोल सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात; आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली!

निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कोमट पाणी, हलक्या हाताने तेल याला माझी काहीच हरकत नाही. बरे वाटते, खर्च नाही, अपायही सहसा नाही. सांधे हळूहळू हलवत राहणेही गरजेचे. महिनाभर बाजेवर पडून राहिल्याने ते आणखी आखडतात. मात्र तापाच्या पहिल्या दिवसांत पॅरासिटामॉलच बरे. डेंगी नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

तीन महिन्यांनंतरही सूज असेल, सकाळी बोटे तासभर आखडत असतील, तर बीदर असो वा लातूर, तज्ज्ञाकडे जा. ‘चिकुनगुनियाचे आहे’ म्हणून सोडून दिलेले दुखणे कधी संधिवात निघते, आणि त्यावर वेळेत औषध मिळाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचू शकतात.

एखादी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करू नका. तिच्यात स्टेरॉइड असेल तर अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. पुडी बरोबर न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि किती दिवस घेतली ते न लाजता सांगा.