भिंत की खांब? ‘लोड-बेअरिंग’ आणि ‘फ्रेम’ या दोन शब्दांतला फरक



मागच्या व्याख्यानात आपण व्याख्येचे तीन दोष पाहिले. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ते संपल्यावर डोंबिवलीचे एक श्रोते मला म्हणाले, ‘सर, गायीची शिंगं आणि खूर पुरे झाले. आमच्या सोसायटीत चालेल असं एखादं उदाहरण द्या.’ मागणी रास्त होती. म्हणून आज सोसायटीतलेच दोन शब्द घेतो: ‘लोड-बेअरिंग’ आणि ‘आरसीसी फ्रेम’.

हे शब्द तुम्ही ऐकलेले असतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत अशा इमारती काही थोड्या नाहीत. तपासणीचा अहवाल येतो. ‘बांधकामाचा प्रकार’ अशी त्यात एक ओळ असते आणि तिच्यापुढे या दोनांपैकी एक शब्द. आपण ती ओळ सोडून थेट शेवटच्या पानावर खर्च किती ते बघतो. मीही तेच करत असे.

आता लोकांच्या मनात या शब्दांच्या कोणत्या व्याख्या असतात, त्या तपासू.

पहिली: ‘जुनी ती लोड-बेअरिंग, नवी ती फ्रेम.’ कल्याणमधला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर माळा. अशा अनेक वाड्यांत वजन पेलतात ते खांब. मधली माती-विटांची भिंत ही भरणी. म्हणजे ही चक्क फ्रेमच, फक्त लाकडाची. आपण घर ‘खणां’त मोजत होतो ना? पाच खणांचं घर, सात खणांचं घर. तो खण म्हणजे सांगाड्याचाच एक घास. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकातलं, तेही ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं आहे. जुनी असून फ्रेम! उलट घोडबंदर रस्त्यावरचे कित्येक नवे टॉवर बघा. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट काँक्रीट ओततात. तिथे काँक्रीटची भिंतच वजन घेते. नवी असून भार भिंतीवर. म्हणजे या व्याख्येला दोन्ही बाजूंनी दोष लागला. वाडा सुटला ही अव्याप्ती, टॉवर नको तिथे शिरला ही अतिव्याप्ती.

दुसरी: ‘स्लॅब सिमेंटचा आहे, म्हणजे बिल्डिंग आरसीसी.’ ही आपल्याकडची सगळ्यांत मोठी गैरसमजूत. तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारतींत अनेकदा स्लॅब काँक्रीटचा असतो, पण तो टेकलेला असतो नऊ इंची विटांच्या भिंतीवर. छपराकडे बघून खालचा आधार ठरत नाही.

तिसरी: ‘फ्रेम म्हणजे मजबूत, लोड-बेअरिंग म्हणजे कच्ची.’ ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ काम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती जुनी नव्हती. आणि शंभर वर्षांच्या विटांच्या भिंती व्यवस्थित उभ्या असलेल्या आपण पाहतोच. प्रकार वेगळा आणि प्रत वेगळी. ‘कोणत्या प्रकारची’ या प्रश्नाचं उत्तर ‘किती चांगली’ याला देता येत नाही.

मग नेमकं लक्षण कोणतं? नैयायिकांचे दोन शब्द इथे फार उपयोगी पडतात: आधार आणि आधेय. टेबल आधार, पुस्तक आधेय. इमारतीला एकच प्रश्न विचारायचा. तुमच्या खोलीतल्या कपाटाचं वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेनं जातं? स्लॅबवरून भिंतीत, खालच्या भिंतीत आणि मग पायात गेलं तर इमारत लोड-बेअरिंग. स्लॅबवरून बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये आणि कॉलममधून पायात गेलं तर फ्रेम. पहिल्या प्रकारात भिंत हा आधार आहे. दुसऱ्यात भिंत स्वतःच आधेय आहे, बीमवर बसलेली.

यातूनच बाकीचं आपोआप निघतं. भिंतींवर भार असेल तर त्या मजल्यामागून मजला एकाखाली एक याव्या लागतात, आणि मजले वाढतील तशा खाली जाड होत जातात. शिकागोला १८९१ साली मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत अशीच विटांवर उभी केली, तर तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. जागेचा भाव बघता ते परवडणार कुणाला? फ्रेममध्ये वरच्या मजल्यावरची भिंत खालच्या भिंतीवर यायला हवी असं बंधन नाही. म्हणून उंच इमारती सांगाड्याकडे वळल्या.

आता हे सगळं मी का सांगतोय? बऱ्याच वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा अध्यक्ष होतो. तळमजल्यावरच्या एका गाळेधारकानं दोन गाळे एक करण्यासाठी मधली भिंत काढायची परवानगी मागितली. मी ना-हरकत पत्रावर सही केली. ‘भिंतच तर आहे,’ असं म्हणालो होतो, अजून आठवतं. पुढच्या पावसाळ्याआधी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली. अभियंता आला, त्यानं गिलावा उकरला आणि मला विचारलं, ‘सर, कॉलम कुठे आहेत दाखवा बरं?’ नव्हतेच. त्याच रात्री खाली टेकू लावले, मग लोखंडी गर्डर घातले. कुणाला काही झालं नाही. पण आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसानं ‘भिंत’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तपासलं नव्हतं.

तेव्हा काही खुणा सांगतो. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीबाहेर आलेला चौकोनी उंचवटा आणि छताखाली उतरलेला पट्टा दिसला, तर कॉलम-बीम असण्याचा संभव. सगळ्या मुख्य भिंती नऊ इंची आणि प्रत्येक मजल्यावर त्याच जागी असतील, तर भारवाही भिंतींचा संशय घ्यावा. पण हे अनुमान झालं, प्रत्यक्ष नव्हे. काही इमारती मिश्र असतात, रस्त्याच्या बाजूला दुकानांसाठी कॉलम आणि मागे भिंती. निर्णय मूळ नकाशा आणि परवानाधारक संरचना अभियंता यांचाच.

आणि एक सावधगिरी. ‘आमची फ्रेम आहे, म्हणजे भिंती हव्या तशा पाडा,’ असंही नाही. आत्तापर्यंत आपण वरून खाली येणाऱ्या वजनाबद्दल बोललो. भूकंप आडवा ढकलतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादला ज्या काँक्रीटच्या इमारती पडल्या, त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंतींनी जखडलेले मजले आणि खाली नुसते खांब. उभ्या वजनाला ज्या भिंतींची गरज नव्हती, त्यांची आडव्या धक्क्याला होती. शिवाय फ्रेममध्ये कॉलमला हात लावणं म्हणजे थेट आधारालाच हात लावणं. पाइप न्यायला कॉलमचा कोपरा फोडू नका. आपल्या दमट हवेत आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. कॉलमवर उभी चीर दिसली की रंगारी बोलावू नका, अभियंता बोलावा.

तर गृहपाठ इतकाच. आपल्या सोसायटीच्या अहवालातली ती ‘बांधकामाचा प्रकार’ ही ओळ वाचा. अहवाल नसेल तर येत्या सभेत मागा. आणि शेजारी घराचं नूतनीकरण काढतील तेव्हा फरशी कुठली बसवताय हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा: ही भिंत आधार आहे की आधेय?