पेवात ओल शिरू देऊ नका



पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, पण पेव कोरडं असलं तरच. ओल दोन वाटांनी येते, एक जमिनीतून अन् दुसरी दाण्यातूनच. या दुसरीकडं आपलं लक्ष नसतं. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर भरा, चेपला तर आणखी दोन उन्हं द्या. तापलेलं धान्य रात्रभर निवू द्यावं. गरम भरलं की वरच्या थराला घाम सुटतो.

जागा उंचवट्याची, पांढरीची हवी. काळी माती पाणी धरते. नदीकाठी तर जपूनच; सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं नावाजलेली, पण २००५ च्या महापुरात तिथंही पाणी शिरलं. तळाला अन् कडेनं वाळल्या कडब्याचा जाड थर द्या. तोंडावर मातीचा उंचवटा करून शेणमातीनं लिंपा.

बुरशी धरलेलं धान्य गुरांनाही घालू नका. जीव हळहळतो, पण टाकाच.

आता सर्वांत महत्त्वाचं. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, विषारी हवा तळाशी साचते. ओलसर धान्यात ती जास्तच. तोंड उघडून पेव दिवसभर तसंच राहू द्या. मग दोरानं पेटता कंदील सोडा. विझला तर उतरू नका. तेवत राहिला तरी कमरेला दोर बांधूनच उतरावं, वर दोन माणसं हवीत. आतला माणूस कोसळला तर मागोमाग कुणीही उतरू नये, दोरानंच वर ओढावा.