अपघातानंतरचा पहिला तास

पेण तालुक्यांतील हमरापूर हें गांव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठीं ओळखलें जातें. मुंबई-गोवा महामार्ग ह्या गांवाच्या फाट्यावरूनच जातो. गणेशोत्सव जवळ आला कीं, चाकरमानी ह्याच मार्गानें कोंकणांत उतरतात. वाहनांची दाटी होते आणि अपघाताचें भयहि वाढतें. अशा वेळीं जखमी मनुष्याजवळ प्रथम पोंचतो तो डॉक्टर नव्हे. पोंचतो तो फाट्यावरचा दुकानदार, रिक्षावाला किंवा एखादा वाटसरू.

गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासांत उपचार मिळाल्यास मृत्यु टळण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. म्हणूनच २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती करितांना ह्या ‘सुवर्ण तासा’ची व्याख्या करण्यांत आली. मात्र मोठी रक्तवाहिनी तुटली किंवा श्वासमार्ग बंद झाला, तर कांहीं मिनिटांतच प्राणांवर बेततें. रुग्णवाहिका येईपर्यंतचीं हीं मिनिटें शेजारच्या माणसांच्या हातीं असतात.

त्यांनीं करावयाचें तें साधें आहे. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तिला बोलावितांना फाट्याचें नांव, किलोमीटरच्या दगडावरील आंकडा आणि वाहन कोणत्या दिशेस जात होतें, हें सांगावें. वाहतें रक्त स्वच्छ कापडानें घट्ट दाबून धरावें. कापड भिजलें तरी दाब सोडूं नये. जखमीस पाणी पाजूं नये. आग किंवा अन्य संकट नसेल, तर त्याला ओढून हलवूं नये. मानेच्या मणक्यास इजा झालेली असल्यास तसें करणें घातक ठरतें.

तरीहि लोक मागें सरतात, तें निर्दयपणामुळें नव्हे, तर चौकीच्या व कोर्टाच्या भीतीमुळें. ही भीति आतां निराधार आहे. ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. जखमीस आणणाऱ्याकडून रुग्णालयानें उपचारखर्च मागूं नये आणि त्याला अडवून ठेवूं नये. नांव सांगण्याची सक्तीहि त्याच्यावर होऊं नये. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १३४-अ घालून सद्भावनेनें मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारींतून मुक्त केलें.

कायद्यानें वाट मोकळी केली. पुढचें काम गांवाचें आहे. फाट्यावरील एका दुकानांत स्वच्छ पट्ट्या व विजेरी ठेवावी, आणि उत्सवाच्या मंडळानें दरवर्षीं एक संध्याकाळ प्रथमोपचार शिकण्यास द्यावी. एवढ्या सिद्धतेनेंहि एखाद्या घरचा माणूस वांचूं शकेल.