दोन शैक्षणिक कर्जं एक केली तर व्याज वाचतं का?

आमच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या नावावर दोन शैक्षणिक कर्जं आहेत, एक पदवीचं, एक मास्टर्सचं. वडील दोन्हीकडे सह-कर्जदार. म्हणजे हप्ता चुकला तर तिच्याबरोबर त्यांचाही क्रेडिट स्कोअर घसरणार. परवा चहा पिताना तिने विचारलं, "दोन्ही मिळून एकच करून टाकलं तर?"

अमेरिकेत सरकारी कर्जांसाठी अशी सोय आहे. तिथे नव्या कर्जाचा दर म्हणजे जुन्या दरांची भारित सरासरी, आणि तीही वरच्या एक-अष्टमांश टक्क्यापर्यंत वाढवून घेतलेली. आपल्याकडे अशी सरकारी योजना नाही. एखादी बँक दुसरीचं कर्ज 'टेकओव्हर' करते, आणि दर तीच ठरवते.

आता गणित बघू. समजा, 4 लाख 9 टक्क्यांनी आणि 2 लाख 12 टक्क्यांनी घेतलेत. साधी सरासरी 10.5 येते, पण ती इथे चालत नाही. मोठ्या रकमेचं वजन जास्त. वर्षाचं व्याज 36 हजार अधिक 24 हजार, म्हणजे 6 लाखांवर 60 हजार. दर झाला 10 टक्के.

पाच वर्षांत फेडायचं तर वेगवेगळे हप्ते मिळून साधारण 12,752 रुपये होतात. एकत्र केलं तर 12,748. महिन्याला चार रुपयांचा फरक!

मग जाहिरातीत हप्ता एवढा कमी कसा दिसतो? कारण मुदत वाढवलेली असते. तेच 6 लाख दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे 7,929 वर येतो, पण एकूण व्याज 1.65 लाखांवरून 3.51 लाखांवर जातं. हप्ता झेपतच नसेल तर हाही मार्ग आहे, फक्त त्याची किंमत माहीत हवी.

टेकओव्हरचा खरा फायदा नवा दर भारित सरासरीपेक्षा कमी असेल तेव्हाच. त्यातून प्रोसेसिंग फी वजा करा. व्याज अनुदान मिळत असेल तर ते पुढे चालू राहील का, हे बँकेकडून लेखी घ्या. आणि पर्सनल लोन काढून शैक्षणिक कर्ज फेडू नका. जुन्या करप्रणालीत व्याजावर मिळणारी वजावट त्यात हातची जाते.

कर्जं वेगळी ठेवण्याचा एक फायदा मात्र सहज नजरेतून सुटतो. वरचे पैसे हातात आले की ते थेट 12 टक्केवाल्यात भरता येतात. एकत्र केल्यावर तो पर्याय उरत नाही. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच बँकांना मनाई केली आहे.

मैत्रिणीने कर्जं वेगळीच ठेवली. फेलोशिपमधून उरेल ते आता महागड्या कर्जात जातं.