साथ आली तरी दिवस थांबत नाहीत

एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात कोरोना शिरला तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतले माग बंद पडले होते. टॉवेल शिवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी थांबली. दिवस गेलेल्या बाईचे दिवस मात्र कोणत्याही साथीत थांबत नाहीत. तेव्हाच्या काही समजुती अजून तपासायच्या राहिल्यात.

गैरसमज : लॉकडाउनमध्ये दवाखान्यांना कोरोनाशिवाय बाकीचे उपचार टाळता येत होते.
वस्तुस्थिती : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिल २०२० च्या सूचनांत गर्भवतींची तपासणी आणि बाळंतपण अत्यावश्यक सेवांतच होते. चाचणीचा अहवाल नाही म्हणून कळा सुरू झालेल्या बाईला दारातून परतवणे ही खबरदारी नव्हे, हेळसांड आहे.

गैरसमज : त्या काळात गर्भलिंगनिदानाला सूट होती.
वस्तुस्थिती : ४ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेने गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचे काही नियम ३० जूनपर्यंत स्थगित केले, ते नोंदणीचे नूतनीकरण आणि अहवाल पाठवण्याच्या मुदतीपुरते. लिंगनिदानावरची बंदी एक दिवसही उठली नाही. कागद उशिरा आले की देखरेख ढिली पडते, म्हणून या स्थगितीवर टीका झाली.

गैरसमज : लस घातक होती, म्हणूनच गर्भवतींना आधी दिली नाही.
वस्तुस्थिती : सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत गर्भवतींना घेतलेच नव्हते, त्यामुळे पुरेशी माहिती नव्हती. जपण्यासाठी वगळले, पण कोरोना झाल्यास आजार बळावण्याचा धोका त्यांनाच जास्त होता. २ जुलै २०२१ ला भारतात त्यांच्या लसीकरणाला परवानगी मिळाली. लसीने वंध्यत्व येते याला पुरावा नाही. पाळी काहींची एखादा दिवस पुढे गेली, तीही तात्पुरती.

गैरसमज : गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते.
वस्तुस्थिती : १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. लॉकडाउनमध्ये गाड्या बंद होत्या, पण गर्भपाताची २० आठवड्यांची मर्यादा तशीच राहिली. उशीर म्हणजे नकारच ठरू शकत होता. ठरावीक गटांसाठी ती २४ आठवड्यांवर गेली सप्टेंबर २०२१ मध्ये.

गैरसमज : अंगठा उठवला, म्हणजे संमती मिळाली.
वस्तुस्थिती : सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. पीपीई किट घातलेल्या माणसाने घाईत पुढे केलेला मराठी किंवा इंग्रजी कागद तिथल्या बाईला कळला नसेल, तर तो अंगठा म्हणजे नुसती शाई. काय करणार, का करणार, नको म्हटले तर काय होईल, हे तिच्या भाषेत सांगायला पाच मिनिटे लागतात. साथीतही तेवढा वेळ तिच्या हक्काचा असतो.