विश्लेषण : निर्वासित लेखकांचे जेरुसलेम नकाशात का मावत नाही?

इस्रायल आणि पॅलेस्टिनी, दोघेही जेरुसलेमला आपली राजधानी मानतात. मात्र तेथून बाहेर पडावे लागलेल्या पॅलेस्टिनी लेखकांचे जेरुसलेम आणि वाटाघाटींतले जेरुसलेम एकच आहे का?

वाद काय?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४७च्या फाळणी योजनेत जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहणार होते. १९४८च्या युद्धात पश्चिम भाग इस्रायलकडे, तर जुन्या शहरासह पूर्व भाग जॉर्डनकडे गेला. पश्चिमेकडील अरब आणि जुन्या शहरातील ज्यू, दोघांचीही घरे सुटली. १९६७मध्ये इस्रायलने पूर्व भागही ताब्यात घेतला.

लेखकांना काय आठवते?

विचारवंत एडवर्ड सैद १९३५मध्ये तालबिया वस्तीत जन्मले. १९९२मध्ये ते त्या घरापर्यंत गेले, पण आत पाऊल टाकणे त्यांना जमले नाही. गादा करमी यांचे कुटुंब एप्रिल १९४८मध्ये कटामोन वस्तीतून निघाले, तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्या २००२मधील आत्मकथनाचे नाव ‘इन सर्च ऑफ फातिमा’. ही फातिमा म्हणजे त्यांच्या घरी काम करणारी बाई.

मग राष्ट्र कुठे येते?

कवी महमूद दरवीश जेरुसलेमचे नव्हेत, गॅलिलीतील अल-बिरवा गावचे. १९८८मध्ये अल्जीयर्स येथे घोषित झालेल्या पॅलेस्टिनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांचा. त्यात राजधानी म्हणून जेरुसलेमचे नाव आहे. ज्यांचे गाव दुसरेच होते, त्यांच्यासाठीही हे शहर राष्ट्राची खूण ठरले.

आठवणींवर आक्षेप का?

१९९९मध्ये सैद यांचे ‘आउट ऑफ प्लेस’ हे आत्मचरित्र आले. त्याच वर्षी ‘कॉमेंटरी’ या अमेरिकी मासिकातील लेखाने त्यांचे बालपण जेरुसलेमऐवजी कैरोत गेल्याचा आक्षेप घेतला. वास्तविक आत्मचरित्रात कैरोबद्दल विस्ताराने लिहिलेले आहे. पण जिथे शहरावरचा हक्कच वादात असतो, तिथे लेखकाचा जुना पत्ताही राजकीय पुरावा ठरतो.

खरा पेच कोणता?

वाटाघाटींत पॅलेस्टिनी नेतृत्वाची मागणी पूर्व जेरुसलेमची आहे. तालबिया आणि कटामोन पश्चिमेला आहेत. म्हणजे उद्या पॅलेस्टिनी राजधानी झालीच, तरी सैद आणि करमी यांची घरे तिच्या हद्दीबाहेरच राहतील. राष्ट्र मिळाले म्हणून घर मिळतेच असे नाही, हे या लेखनातून कळते.