विहीर, परस आणि पहिली अनुसूची

खानदेशात कासव पाळायची जुनी जागा म्हणजे विहीर. तापीच्या, गिरणेच्या, पांझरेच्या डोहात एखादं मऊ पाठीचं कासव हाती लागलं की ते शेतातल्या विहिरीत सोडायचं. का, तर पाणी स्वच्छ राहतं. समजूत अगदीच खोटी नव्हती. हे पाणकासव अळ्या, गोगलगायी, मेलेला बेडूक, पाणवनस्पती, समोर येईल ते खातं. पण बांधीव विहिरीत त्याला उन्हात बसायला काठ नाही आणि अंडी घालायला माती नाही. तिथे त्याचा वंश वाढणं शक्यच नव्हतं. घरच्यांच्या लेखी ते पाळलेलं होतं की कामाला ठेवलेलं, हे सांगणंही अवघड.

१९७२ साल आपल्याकडे दुष्काळाचं म्हणून लक्षात राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. विहिरीतलं हे साधं कासव पुढे त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसलं, तरी शेतकऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. कायद्याचा धाक वाघ-बिबट्यापुरता. कासवासाठी कुणी दारात येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नंतरच्या दशकांत बोअर आले, केळीच्या बागांना ठिबक आलं, कितीतरी विहिरी कोरड्या पडल्या किंवा बुजल्या. कासवाची हौस मात्र टिकली. ती विहिरीतून परसात आली, आणि येताना कासवच बदललं. आता हवं होतं ते स्टार कासव: काळ्या-तपकिरी पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेलं, जमिनीवर राहणारं. हे कासव मुळात आपल्या भागातलं नाही. त्याचा मुलूख एकीकडे गुजरात-राजस्थान आणि दुसरीकडे आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, श्रीलंका. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या बंगल्यांत आणि मळ्यांत जे स्टार कासव दिसलं, ते कुणीतरी कुठल्या तरी माळरानावरून उचललेलं आणि पिशवीतून आणलेलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच ठिकाणाहून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं पकडली जात असल्याचं नोंदवलं. त्यातली बहुतेक परदेशी जात, काही देशातल्याच हौशी घरांत मुरत.

एक कासव घेऊन कुणाचं भागत नसे. जोडी हवी, मग दुसरी जोडी. कंपाउंडच्या कोपऱ्यात चार विटांची वीतभर भिंत, मध्ये पाण्याचं टोपलं, सावलीला पत्रा. कासवाला असं कितीसं लागतं, हा त्यामागचा विचार. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तो पत्रा खालच्या प्राण्याला भाजून काढतो. सावली हवी ती झुडपाची, नाहीतर जाड गवती छपराची, आणि खाली अंग पुरता येईल अशी भुसभुशीत माती. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. काळ्या मातीत पाणी तुंबतं, आठवडा आठवडा ओल हटत नाही. ज्यांनी मुरुमाचा उंचवटा करून दिला त्यांची कासवं तगली. धुळ्यात तर डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा एक आकडी होतो. स्टार कासव थंडीत झोपी जाणाऱ्या जातीतलं नाही. त्याच्या नाकातून पाणी येतं, मग फेस, मग ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागतं. एक आजारी पडलं की त्याच आवारातली बाकीचीही पडत, कारण नवीन आणलेलं कासव महिना-दोन महिने वेगळं ठेवावं, हे कुणी सांगितलेलंच नसे.

खाण्यापिण्याचे हाल वेगळेच. केळीच्या गावात कासवाला काय घालणार? पिकलेलं केळं, वर पोळीचा तुकडा. स्टार कासवाचं पोट हराळीसारख्या गवतासाठी, जास्वंदीच्या पानाफुलांसाठी, फड्या निवडुंगासाठी बनलेलं आहे. गोड फळाने त्याला हगवण लागते. पिल्लाला कोरडी हवा आणि चुकीचा आहार मिळाला की पाठीवर टेंगळं उठतात. या जातीत थोडे उंचवटे जन्मजातच असतात, त्यामुळे मालक ती टेंगळं पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

एकत्र राहण्याच्या बाबतीत मात्र स्टार कासवं बरीच समजूतदार. इतर अनेक जातींचे नर एकमेकांना धडका देऊन उलटे पाडतात. यांच्यात ढकलाढकलीवर भागतं. तरी आवार लहान आणि नर जास्त असले की माद्यांना चैन पडत नाही, आणि अन्न एकाच ताटलीत ठेवलं की दांडगं कासव ताटलीवरच ठाण मांडतं. अन्न तीन-चार ठिकाणी, मध्ये दगड-झुडपांचा आडोसा, एका नरामागे दोन-तीन माद्या, एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. नर ओळखायचा तो लहान अंगावरून, लांब शेपटीवरून आणि पोटाच्या खोलगट कवचावरून. मुंगूस, उंदीर आणि कुत्री यांच्यापासून झाकण हवंच.

एरंडोलकडच्या एका मळ्यात पूर्वी पाहिलेली मादी आठवते. पाऊस उघडल्यावर संध्याकाळी तिने बांधाजवळची जागा धरली. मागचे पाय आळीपाळीने चालवत, एकदाही वळून न पाहता, तिने सुरईसारखा खड्डा खणला. माती कडक लागली तिथे स्वतःचं मूत्र सोडून ती मऊ केली. अंडी घातल्यावर प्रत्येक अंडं पायाने हळूच बाजूला सरकवलं, माती ओढली आणि पोटाच्या कवचाने ती चोपून काढली. मळेकऱ्याने दुसऱ्या दिवशी जागा दाखवायचं ठरवलं, तर त्यालाच सापडेना.

परसातल्या हौसेच्या याच काळात नखांची भानगड वाढली. वीस किंवा एकवीस नखांचं कासव मिळालं की पैशांचा पाऊस पडतो, या थापेवर लोकांनी लाखो रुपये घालवले आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी टोळ्या पकडल्या गेल्या. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. विहिरीतल्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बाराच. विसाचा हिशेब जमवायचा तर निसर्गाचीच चूक शोधत फिरावं लागेल.

स्टार कासवाला कायद्याने पूर्ण जवळ घेतलं ते फार उशिरा. कित्येक वर्षं ते चौथ्या अनुसूचीत होतं. पकडणं, विकणं, बाळगणं तेव्हाही गुन्हाच, पण शिक्षा हलकी आणि लोकांच्या लेखी तो गुन्हाच नव्हता. २०१९ साली जिनिव्हाच्या बैठकीत वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातल्या देशांनी त्याला पहिल्या परिशिष्टात घातलं, आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. मग २०२२ ची कायदा दुरुस्ती आली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. आता शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान २५,००० रुपये. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. तोपर्यंत माळरानं पुष्कळ रिकामी झाली होती.

जप्त झालेल्या कासवांचं पुढे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं विमानाने बंगळुरूला परत आणली गेली, तेव्हा कौतुक झालं. पण वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी आहेत. परसात दोन्हीकडची एकत्र ठेवली, त्यांची पिल्लं झाली, की ती कोणत्या रानात सोडायची हे सांगता येत नाही.

स्टार कासवाला आळा बसला तसे हौशी लोक परदेशी जातींकडे वळले. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू काचेच्या पेटीत येतं, ताटलीएवढं झालं की तलावात टाकलं जातं आणि तिथल्या देशी कासवांच्या मुळावर येतं. फार्महाऊसवाल्यांनी आफ्रिकेचं सुलकाटा आणलं. ते पन्नास किलोंच्या पुढे वाढतं आणि भिंतीखालून बोगदा काढतं. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. अर्ज ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करायचा असतो.

तुमच्या किंवा शेजारच्या परसात अजून स्टार कासव असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या. भीतीपोटी रातोरात ते वाघूर किंवा हतनूरच्या धरणात सोडू नका. ते जमिनीवरचं कासव आहे, पाण्यात बुडून मरतं.